रक्तवाढीच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून या सदराकडे अलीकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरतात: गरोदरपणात मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत. त्यांतील निवडक पत्रे नावे वगळून आणि थोडक्यात करून येथे दिली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. गोळीचे प्रमाण बदलण्याचा निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न: मला पाचवा महिना चालू आहे. अंगणवाडीत दुपारचे जेवण झाले की ताई तिथेच लाल गोळी घ्यायला लावतात. गोळी घेतल्यावर तासाभरात मळमळू लागते, तोंडाला लोखंडाची चव येते आणि कधी कधी उलटी होते. सासूबाई म्हणतात, गोळी उष्ण पडते, बंद कर. म्हणून आता मी गोळ्या घरी आणते आणि डब्यात ठेवून देते. माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे. काय करावे?
(खानापूर तालुका)

उत्तर: आपला त्रास खरा आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण अशा तक्रारीवर ‘सगळ्यांनाच होते, सहन करा’ एवढेच उत्तर अनेकींना मिळते आणि मग गोळ्या मुकाट्याने डब्यात जातात. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. यांपैकी थोडेच लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तात जाते. उरलेले तसेच पुढे सरकते आणि जठराच्या व आतड्याच्या नाजूक अस्तराला चिडवते. मळमळ, छातीखाली जळजळ आणि पोटात कळ हे त्रास एका वेळी पोटात गेलेल्या लोहाच्या प्रमाणानुसार वाढतात. सासूबाईंना जे उष्ण पडणे वाटते, ते बहुधा हेच चिडणे आहे. त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, त्यावरचा उपाय मात्र बरोबर नाही.

तो का बरोबर नाही, हे आपल्या अहवालावरूनच दिसते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ७ ते ९.९ या पट्ट्यातील रक्तक्षय मध्यम स्वरूपाचा मानला जातो. संपूर्ण गरोदरपणात शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. त्यातले अंदाजे ३०० बाळ आणि वार यांच्यासाठी, ५०० आईचे रक्त वाढण्यासाठी आणि बाकीचे रोज शरीराबाहेर जाणाऱ्या लोहाची भरपाई करण्यासाठी खर्च होते. एवढे लोह भाजीभाकरीतून मिळत नाही, आणि गुळातून तर मुळीच नाही. गुळाचा लौकिक त्यातल्या लोहापेक्षा फार मोठा आहे.

तेव्हा गोळी बंद करण्याऐवजी आधी तिची वेळ बदलून पाहावी. अंगणवाडीत मातृपूर्णा योजनेतून मिळणाऱ्या जेवणासोबत दूधही असते, आणि दुधातले कॅल्शियम लोह शोषले जाण्याच्या आड येते. म्हणजे दुपारी तिथे घेतलेली गोळी आपल्याला त्रास देते आणि वर तिचा फायदाही कमी होतो. अंगणवाडीताईंना हे मोकळेपणाने सांगून गोळी घरी न्यावी आणि रात्रीच्या जेवणानंतर दीड-दोन तासांनी, झोपण्याच्या अर्धा तास आधी, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. त्या पाण्यात अर्धे लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. लिंबाने जळजळ वाढत असेल तर साधे पाणी घ्यावे. मळमळ सुरू होईपर्यंत बहुतेक जणींना झोप लागलेली असते. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत रेंगाळते आणि जळजळ वाढते.

रिकाम्या पोटी लोह सर्वांत चांगले शोषले जाते, हे खरे आहे. परंतु उलटी होऊन बाहेर पडणाऱ्या गोळीपेक्षा दोन घास खाऊन घेतलेली आणि पोटात टिकलेली गोळी केव्हाही बरी. एवढे करूनही त्रास राहिला तर डॉक्टर लोहाचा क्षार (म्हणजे गोळीतले लोहाचे रासायनिक संयुग) बदलून देऊ शकतात किंवा काही दिवस प्रमाण कमी करून ते हळूहळू वाढवू शकतात. लोहाचा मोठा डोस घेतल्यावर यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते आणि सुमारे २४ तास पुढच्या लोहाचे शोषण मंदावते. त्यामुळे काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी घ्यायला सांगतात. मात्र आपले हिमोग्लोबिन ९.८ आहे, आणि रक्तक्षय रोखण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमानुसार अशा स्थितीत रोज दोन गोळ्या देतात. म्हणून हा बदल आपण आपल्या मनाने करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. डब्यात साठलेल्या गोळ्या त्या दिवशी सोबत न्याव्यात आणि किती घेतल्या, किती राहिल्या, हे जसे आहे तसे सांगावे. गोळ्या घेतल्या असे समजून डॉक्टरांनी पुढचे उपचार ठरवले तर ते उपचार चुकतात.

प्रश्न: माझ्या पत्नीला सहावा महिना आहे. गोळ्या सुरू केल्यापासून तिला शौचास काळे होते. आतून रक्त जात असेल का, या काळजीने आम्ही गोळ्या थांबवल्या आहेत.
(बेळगाव शहर)

उत्तर: न शोषलेले लोह मोठ्या आतड्यातून जाताना त्याची गंधकाशी संयुगे बनतात आणि मळाला काळा किंवा गडद हिरवट रंग येतो. मळ नेहमीसारखा बांधलेला असेल आणि पत्नीला दुसरा काही त्रास नसेल, तर या रंगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. गोळ्या थांबवल्यावर काही दिवसांत रंग पूर्ववत झाला असेल, तर त्याचे कारण लोहच होते असे समजावे आणि गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात.

रक्तस्रावामुळे येणारा काळेपणा वेगळा असतो. तो मळ डांबरासारखा चिकट, पातळसर आणि अतिशय दुर्गंधीचा असतो, आणि त्याच्यासोबत चक्कर, घाम, छातीत धडधड किंवा रक्ताची उलटी अशी लक्षणे असू शकतात. असे काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मळावर लाल रक्त दिसत असेल तर ते बहुधा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे असते, पण तेही डॉक्टरांना सांगावे. पाठ किंवा डोके दुखते म्हणून पत्नी औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणत असेल, तर तेही सांगणे आवश्यक आहे. त्यांतल्या काही गोळ्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि गरोदरपणात त्या अन्य कारणांनीही टाळायच्या असतात.

प्रश्न: माझी सून सातव्या महिन्यात आहे. रक्ताच्या गोळ्यांनी तिला शौचास खडा होतो, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. आमच्या भागात तंबाखूचे काम चालते आणि पुष्कळ बायका सकाळी मशेरी लावतात. मशेरी लावली की पोट हमखास साफ होते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. तिने थोडे दिवस लावली तर चालेल का? की एरंडेल द्यावे?
(निपाणी परिसर)

उत्तर: आपण विचारलेत हे बरे झाले, कारण हा उपाय अनेक घरांत न विचारताच केला जातो. मशेरीने पोट साफ होते यात खोटे काही नाही. भाजलेल्या तंबाखूतील निकोटिन हिरडीतून रक्तात जाते आणि आतड्यांची हालचाल वाढवते. परंतु तेच निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते. गरोदरपणात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची होण्याचे आणि पोटातच दगावण्याचे प्रमाण अधिक असते. अशा स्त्रियांमध्ये रक्तक्षयही अधिक आढळतो. रक्त वाढावे म्हणून गोळी द्यायची आणि तिच्या त्रासासाठी रक्त घटवणारी सवय लावायची, असा हा व्यवहार होईल. शिवाय मशेरी थोड्या दिवसांची राहत नाही, हे आपल्याइतके दुसरे कोण जाणणार? सुनेला मशेरी अजिबात देऊ नये.

एरंडेलही नको. त्याने पोटात जोराची मुरड येते आणि गर्भाशयाचे आकुंचन सुरू होण्याचा धोका असतो. सोनामुखीची चूर्णेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

बद्धकोष्ठतेचा सगळा दोष गोळीवर टाकणेही योग्य नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे मळातले पाणी जास्त शोषले जाऊन तो कोरडा पडतो. सातव्या महिन्यात वाढलेल्या गर्भाशयाचा दाबही आतड्यावर येतो. लोह या सगळ्यात भर घालते. मळमळ लोहाच्या प्रमाणानुसार कमी-जास्त होते, तसे बद्धकोष्ठतेचे होतेच असे नाही. म्हणून गोळी अर्धी करून फारसा उपयोग होत नाही, आणि पोटाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

पाण्यापासून सुरुवात करावी. दिवसभरात आठ ते दहा पेले पाणी पोटात जायला हवे. कामावर शौचालयाची सोय नसल्यामुळे तहान मारणाऱ्या बायकांना हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण असते, याची मला कल्पना आहे. निदान घरी असताना तरी सुनेने पाणी राखून पिऊ नये. जेवणात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मेथी, शेपू, लाल माठ, मोड आलेले हुलगे किंवा मटकी, आणि दिवसातून एखादा पेरू किंवा पपनस असावे. रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी खाव्यात आणि मनुकांचे पाणीही प्यावे. येथे एक पेच आहे, तो सांगून ठेवतो. भाकरीत आणि कडधान्यात फायटेट नावाचे घटक असतात. ते लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. म्हणून भाकरी भरपूर खावी, पण गोळी भाकरीच्या जेवणाबरोबर न घेता मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. कडधान्याला मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने फायटेट कमी होतात, आणि लिंबाची फोड पानात असली की भाजीतले लोहही अधिक अंगी लागते. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकात या गोष्टी होत्याच.

एवढ्यानेही भागले नाही तर एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून द्यावे. त्यावर पुन्हा पाणी प्यायला हवे, नाहीतर उलट त्रास वाढतो. इसबगोल आणि लोहाची गोळी यांच्यातही दोन तासांचे अंतर असावे. त्यानंतरची पायरी म्हणजे लॅक्टुलोजचे सिरप. ते आतड्यात पाणी धरून ठेवते आणि रक्तात जवळपास जात नाही, त्यामुळे गरोदरपणात ते सर्रास वापरले जाते. त्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. सुनेला सकाळी चहापूर्वी कोमट पाणी देऊन, घाई न करता, ठरावीक वेळी शौचास बसू द्यावे. कुंथण्याने मूळव्याध होते आणि ती बाळंतपणानंतरही पाठ सोडत नाही.

प्रश्न: माझे सासर बेळगाव तालुक्यात आणि माहेर चंदगड तालुक्यात आहे. सासरी तायी कार्डावर (कर्नाटकातल्या गरोदर मातांच्या कार्डावर) लाल गोळ्या मिळाल्या, बेळगावच्या खासगी डॉक्टरांनी वेगळ्या लिहून दिल्या आणि आता माहेरी आल्यावर आशाताईंनी पुन्हा लाल गोळ्या दिल्या. तिन्ही घेतल्या तर रक्त लवकर वाढेल का? पोट मात्र फार जळते.
(सध्या माहेरी असलेली वाचक)

उत्तर: तिन्ही घेऊ नयेत. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतल्या लाल गोळ्या एकाच राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आहेत आणि त्यांत लोहही सारखेच असते. खासगी डॉक्टर बहुधा फेरस अॅस्कॉर्बेटची गोळी देतात आणि तिच्यात साधारणपणे १०० मिलिग्रॅम लोह असते. तिन्ही मिळून दिवसाला २२० मिलिग्रॅम लोह पोटात जाईल. शरीर त्यातले थोडेच घेईल आणि बाकीचे आपण लिहिता तशी जळजळ करत राहील. तिन्ही पाकिटे आणि कार्ड एकाच डॉक्टरांना दाखवून त्यांतली एक ठरवून घ्यावी. कार्ड कानडीत आहे म्हणून ते दाखवण्यास संकोच करू नये. हिमोग्लोबिनचे आकडे आणि तारखा कोणत्याही दवाखान्यात वाचता येतात.

पाकिटावरचे मोठे आकडे पाहून गोळी जड की हलकी हे ठरवू नये. तेथे अनेकदा क्षाराचे वजन लिहिलेले असते. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे एक तृतीयांश लोह असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटमधून फक्त ३६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. ‘पोटाला त्रास न देणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्या सौम्य वाटतात, त्या केवळ त्यांत लोह कमी असते म्हणून. काहींचे आवरण इतके उशिरा विरघळते की लोह शोषणारा आतड्याचा भाग तोपर्यंत मागे पडलेला असतो.

घरात लहान मूल असेल तर उरलेल्या गोळ्यांची आठवणीने व्यवस्था लावावी. लाल, साखरेचे आवरण असलेली गोळी मुलांना चॉकलेटच्या गोळीसारखी दिसते. दहा किलो वजनाच्या मुलाने अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकते. तसे झाल्यास उलटीची किंवा इतर लक्षणांची वाट न पाहता मुलाला पाकिटासह तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर मूल काही तास बरे वाटते, पण तो धोका टळल्याचा पुरावा नसतो.

प्रश्न: या गोळ्यांनी बाळ काळे होते आणि फार मोठे होऊन सिझर करावे लागते, हे खरे आहे का?
(चिकोडी)

उत्तर: नाही. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. लोहाने बाळ वाजवीपेक्षा मोठेही होत नाही. आईच्या रक्तक्षयामुळे ते वाजवीपेक्षा लहान होण्याची भीती मात्र असते.

प्रश्न: मी आशा कार्यकर्ती आहे. बायका ‘गोळी घेते’ म्हणतात, पण हिमोग्लोबिन वाढत नाही. कोणती गोष्ट तपासावी?
(हुक्केरी तालुका)

उत्तर: ‘गोळी घेता का?’ या प्रश्नाला हो हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘गोळी घेतल्यावर पोटाला काय होते?’ असे विचारून पाहा. मळमळ, खडा, आंबट ढेकर यांबद्दल बाई बोलू लागली की गोळी खरोखर किती वेळा पोटात जाते हे आपोआप कळते.

गोळी नियमित असूनही महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढले नाही, तर पुढे पाठवायला हवे. त्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. गोळीच्या तासभर आधी किंवा नंतर चहा होतो का? आपल्या भागात चहाशिवाय पाहुणचार नाही आणि दुपारचा कप हमखास गोळीच्या वेळीच येतो. चहातले टॅनिन लोह बांधून ठेवते. कॅल्शियमची गोळी लोहासोबतच घेतली जाते का? या दोन गोळ्यांत किमान दोन तास हवेत, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर लोहाशी तिचे चार तासांचे अंतर हवे. जळजळीसाठी अॅसिडिटीचे औषध रोज चालू आहे का? त्यानेही शोषण घटते. पहिल्या तीन महिन्यांनंतर द्यायची जंताची ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी मिळाली आहे का? हे सारे ठीक असेल तर थॅलेसेमिया किंवा सिकल सेलचा वाहकपणा आणि बी-१२ ची कमतरता यांच्यासाठी तपासणी डॉक्टर सांगतील.

एक सूचना आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. पाचव्या महिन्यानंतर एखादी बाई छातीखाली किंवा उजव्या बरगडीखाली जोराचे दुखते असे म्हणाली, आणि त्यासोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर त्याचे खापर गोळीवर फोडू नये. तो वाढलेल्या रक्तदाबाचा गंभीर विकार असू शकतो. तिचा रक्तदाब त्याच वेळी मोजून तिला तातडीने रुग्णालयात पाठवावे. थांबून थांबून येणाऱ्या पोटातल्या कळाही ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नयेत. त्या अकाली प्रसूतीच्या असू शकतात.

प्रश्न: गोळ्या कोणत्याही प्रकारे सोसत नाहीत. आठवा महिना लागला आहे आणि हिमोग्लोबिन ८.६ आहे. सलाईनमधून लोह घेतले तर पोटाचा त्रास टळेल ना? ते सुरक्षित आहे का?
(बैलहोंगल)

उत्तर: शिरेतून दिलेले लोह आतड्यात जातच नाही, त्यामुळे गोळीमुळे होणारे पोटाचे बहुतेक त्रास टळतात. गोळ्या सोसत नाहीत, घेऊनही रक्त वाढत नाही किंवा प्रसूती जवळ आली आहे आणि वाट पाहायला वेळ नाही, अशा वेळी हा मार्ग निवडतात, आणि आपल्याकडे यातल्या एकाहून अधिक गोष्टी आहेत. आयर्न सुक्रोज थोड्या थोड्या प्रमाणात काही वेळा विभागून देतात, तर फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेल्या ‘रॅपिडआयर्न’ चाचणीत कर्नाटक आणि राजस्थानातल्या मध्यम रक्तक्षयाच्या गरोदर स्त्रियांमध्ये तोंडाने दिलेले आणि शिरेतून एकदाच दिलेले लोह यांची तुलना करण्यात आली. तेव्हा हा उपचार आपल्या भागाला नवखा राहिलेला नाही.

पहिल्या तीन महिन्यांत हे लोह देत नाहीत. क्वचित तीव्र अॅलर्जी होऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच घ्यावे आणि दिल्यानंतर किमान अर्धा तास तिथेच थांबावे. घरी कोणी येऊन ‘ताकदीची सलाईन’ लावत असेल तर ती नाकारावी. पूर्वी कमरेत देत असलेले लोहाचे इंजेक्शनही आता टाळतात, कारण ते फार दुखते आणि त्वचेवर कायमचा डाग पडू शकतो. दम लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले असेल, तर भरती होऊन उपचार घ्यावे लागतात आणि प्रसंगी रक्तही चढवावे लागते. शिरेतून लोह घेतल्यावर लगेच लोहाची गोळी सुरू करू नये, निदान पाच दिवस जाऊ द्यावेत. फॉलिक अॅसिड मात्र त्या काळातही चालू ठेवावे, आणि ते लोह नसलेल्या वेगळ्या गोळीतून लिहून मागावे.